ड्रीमकॅचरमध्ये अडकलेलं वॉशिंग मशीन

"दोन तासांचं काम! फार तर अडीच, तेही मध्ये कुणाचा फोन आला तर!"

मंगळवारी सकाळी चिंगीच्या आईने ही घोषणा केली, तेव्हा घरात कुणी मानसुद्धा वर केली नाही. नवरा बुटाची लेस बांधत होता, सासूबाई मटार सोलत होत्या, सासरे शब्दकोडं सोडवत होते. आणि खुद्द चिंगी, वय वर्षं चार, टेबलाखाली बसून एका पायमोज्याला भरवत होती.

"ऐकताय ना सगळे? मी आज ड्रीमकॅचर बनवणार आहे. स्वतःच्या हातांनी!"

"कसलं कॅचर?" सासूबाईंनी विचारलं.

"ड्रीमकॅचर, आई. एक गोल रिंग असते, तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं विणलेलं असतं, खाली पिसं लोंबतात. झोपायच्या जागेवर टांगायचं. वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात आणि माणूस शांत झोपतो."

"मग काल सगळी जळमटं मी झाडून काढली ती उगाचच! सांगायचंस की गं, ठेवली असती तुझ्यासाठी."

नवरा खाली मान घालून हसला. लेस बांधताना हसायची ही सोय फार चांगली असते.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. येत्या सोमवारी चिंगीची आई चार वर्षांनी नोकरीवर परत रुजू होणार होती. इमारतींचे नकाशे तपासायचं काम होतं तिचं. भिंत कागदावर दोन इंच सरकली तरी तिच्या डोळ्यात खुपायची. ऑफिसातल्या मॅडमनी तिची जागा चार वर्षं कशीबशी राखली होती आणि आता स्वच्छ सांगितलं होतं, "सोमवारी आलीस तर ठीक. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

जायला ती एका पायावर तयार होती. अडचण होती ती दुपारच्या दीडची.

चिंगी आठवडाभर पाळणाघरात जात होती. दीडपर्यंत सगळं छान. गाणी म्हणायची, डबा संपवायची, दुसऱ्यांचाही संपवायची. दीडला गाद्या पसरल्या जायच्या आणि चौदा मुलं ओळीने आडवी व्हायची. बरोब्बर वीस मिनिटांनी चिंगी ताडकन उठून किंचाळायची, "आलं! आलं! वॉशिंग मशीन आलं!"

हे तिचं स्वप्न. घरातलं वॉशिंग मशीन दार उघडं टाकून, पाण्याचा पाइप शेपटीसारखा आपटत तिच्या मागे धावायचं. तिच्या किंकाळीने उरलेली तेरा मुलं उठायची आणि कारण न विचारता रडायला लागायची. लहान मुलांत एकी फार!

चिंगीच्या आईने उपाय करून पाहिले नव्हते असं नाही. मशीनचं दार उघडून आत बॅटरी मारून दाखवली. मशीनवर चिंगीला बसवून तिचा फोटो काढला. पाइपशी हस्तांदोलनही करवलं. स्वप्नातलं मशीन मात्र ओळखच दाखवेना.

शेवटी पाळणाघराच्या ताईंनी हात टेकले. "तुमची मुलगी गुणी आहे हो," त्या म्हणाल्या. "पण तेरा मुलांच्या झोपेचा प्रश्न आहे. आणि माझ्याही. शुक्रवारपर्यंत बघू. शुक्रवारी दुपारीसुद्धा हेच झालं तर मला नाही जमणार तिला ठेवायला."

हातात चार दिवस होते! आणि चिंगीच्या आईने फोनवर ड्रीमकॅचर बनवणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ पाहिला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या चार वर्षांत चिंगीच्या आईने एकही व्हिडिओ आवाजासकट पाहिलेला नव्हता. फोन हातात यायचा तो चिंगी झोपल्यावर, आणि चिंगी झोपली म्हणजे आवाज बंद! त्यामुळे जगातली सगळी शहाणी माणसं तिला काचेच्या टाकीतल्या माशांसारखी दिसायची. नुसते ओठ हलताहेत! ड्रीमकॅचरवाली बाईही तशीच. तिचे हात काय करतात ते चिंगीच्या आईने सहा वेळा डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती बोलते काय, हे ऐकायची गरजच तिला वाटली नाही. हातांचं तर काम, त्यात बोलण्यासारखं काय असणार?

*

रिंग म्हणून तिने आधी तारेचा हँगर वाकवला. गोल काही होईना. पहिला पेरूसारखा झाला, दुसरा पेरूवर कुणी बसल्यासारखा. तिसऱ्यांदा हँगर हातातून निसटून सासऱ्यांच्या शब्दकोड्यावर जाऊन पडला.

सासरे भूमितीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. अख्खं घर त्यांना 'सर'च म्हणायचं, सासूबाईसुद्धा. समोर आलेल्या त्या वेड्यावाकड्या आकाराकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीची वेदना उमटली.

"हे काय आहे?"

"वर्तुळ आहे, सर."

"वर्तुळाने काय घोडं मारलंय तुझं?"

मग सासूबाईंनी कपाटातून भरतकामाची लाकडी रिंग काढून दिली. "माझी चाळीस वर्षांपूर्वीची आहे. तोडलीस तर बघ." सरांनी कंपास पेटी आणली. कोनमापक ठेवून रिंगेवर पेन्सिलीने सोळा समान भाग पाडले आणि गाठी बरोबर खुणेवरच पडायला हव्यात अशी ताकीद देऊन समोर खुर्ची टाकून बसले. चिंगीच्या आईने जांभळा दोरा घेतला. रिंगेवर एक वेढा, दोरा आतून ओढून घ्यायचा, पुढच्या खुणेवर दुसरा वेढा. पहिली फेरी झाली की दुसरी फेरी पहिलीच्या मधोमध अडकवायची. लहान लहान होत जाळं मध्यभागी येतं. वाचायला सोपं वाटतं!

"सातव्या गाठीत ढिलाई आहे," सर म्हणाले.

"आहे थोडीशी."

"थोडीशी म्हणजे किती अंश?"

सातवी घट्ट केली तर आठवी सैल झाली. आठवी ओढली तर पहिली सुटली. चौथ्यांदा उसवताना तिच्या लक्षात आलं, की दोन तास केव्हाच होऊन गेले होते आणि एकाचाही फोन आलेला नव्हता.

बरं, ही बाई पडली काळजीखोर. घरातली प्रत्येक वस्तू चिंगीच्या घशात अडकू शकते का, याचा हिशेब तिच्या डोक्यात कायम चालू. मणी ओवायचे ठरले, तेव्हा तिने कागदी रुमालांच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी आणली. जो मणी नळीतून खाली पडेल तो बाद! सगळे मणी पडले. आणखी मोठे आणले, तेही पडले. शेवटी परीक्षा पास झाल्या फक्त पडद्याच्या लाकडी रिंगा. त्या तीन लोंबवल्यावर ड्रीमकॅचर एखाद्या न्हाणीघराच्या पडद्याने सन्मानाने निवृत्ती घ्यावी तसा दिसू लागला.

तिने गाठ ओढून पाहिली, रिंग दाताने चावून पाहिली, सगळ्याला हुंगून पाहिलं. दोऱ्याचा रंग जातो का, एवढंच तेवढं पाहायचं राहिलं.

मग पिसं! बाहेर पडलेलं पीस उचलायचं म्हणजे जंतू. ते काही तिला चालण्यासारखं नव्हतं. तिची नजर गेली ती बुटांच्या कपाटावरच्या लांबट डबीकडे. आत बॅडमिंटनची नवी कोरी शटल. शुभ्र, स्वच्छ, एकेकात सोळा पिसं! कुणाची, हे विचारावंसं तिला वाटलं नाही. तिने कात्रीने तीन शटल भादरली. तरीही खबरदारी म्हणून पिसं उकळत्या पाण्यात घातली. बाहेर काढली तेव्हा ती पावसात भिजलेल्या कावळ्याने रागाने टाकून दिल्यासारखी दिसत होती. म्हणून तिने केस वाळवायचं मशीन सुरू केलं, आणि बटण नेमकं शेवटच्या अंकावर होतं!

पुढच्या क्षणी खोलीभर पिसंच पिसं! पंख्यावर पिसं, सरांच्या चष्म्यावर पिसं, चिंगी टाळ्या पिटत गोल गोल फिरतेय. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, कोंबडी पळाली का?"

त्याच वेळी सर त्या लांबट डबीत हात घालत होते. त्यांनी एक शटल बाहेर काढलं. चार पिसं उरलेलं. मग दुसरं. तेही तसंच. तिसऱ्याला तर पूर्ण टक्कल.

"ही," सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "आमच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेची शटल आहेत. रविवारी अंतिम सामना आहे."

चिंगीच्या आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "सर, मला वाटलं..."

"आता गप्प बस आणि सातवी गाठ बघ. परत सैल झालीय."

*

बुधवारी सकाळी ड्रीमकॅचर तयार होता! किंचित डावीकडे झुकलेला, पण होता. चिंगीच्या आईने तो चिंगीच्या डोळ्यांसमोर धरला.

"चिंगे, हे बघ. आता वॉशिंग मशीन आलं ना, की ते ह्या जाळ्यात अडकणार!"

चिंगीचे डोळे मोठे झाले. "अख्खं?"

"अख्खं!"

"मग?"

"मग काय? बसलं अडकून."

"कधीपर्यंत?"

तुम्हीच सांगा, अशा वेळी आईने काय म्हणायचं? मुलीला धीर यावा म्हणून ती छाती पुढे काढून म्हणाली, "कायमचं! कध्धी सुटायचं नाही!"

चिंगी बराच वेळ ड्रीमकॅचरकडे बघत राहिली. मग एक पाऊल मागे सरकली. आईला वाटलं, काय तो आदर!

ताईंनी चिंगीच्या गादीवरच्या खुंटीला ड्रीमकॅचर टांगू दिला. आणि दुपारी दोन वाजायला पाच मिनिटं कमी असताना फोन आला.

"तुम्ही या," ताई म्हणाल्या.

"रडतेय का हो ती?"

"ती नाही रडत. ती भाषण करतेय. तुम्ही या!"

पाळणाघराचं दार उघडल्यावर जे दृश्य दिसलं ते असं. गाद्या सगळ्या रिकाम्या. तेरा मुलं समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी. आणि चिंगी लांबूनच, हातातला चमचा ड्रीमकॅचरकडे रोखून समजावून सांगतेय.

"ह्याच्यात माझं वॉशिंग मशीन आहे. हिच्या स्वप्नातला कुत्रा आहे. ह्याचा तो बिनतोंडाचा माणूस आहे. सगळे आहेत! माझी आई म्हणाली, कायमचे आहेत!"

"मी नाही त्याच्याखाली झोपणार!" एक जण ओरडला.

"माझ्या अंगावर पडला तर बिनतोंडाचा माणूस?"

इतक्यात दोन वेण्यांच्या एका मुलीने भोकाड पसरलं. "माझा बुलडोझर! माझं बुलडोझरचं चांगलं स्वप्न होतं! ते पण अडकलं! मला माझा बुलडोझर द्या!"

झालं! एकीचं बळ पुन्हा दिसलं. चौदाही तोंडं एकदम उघडली. ताईंनी चिंगीच्या आईकडे पाहिलं. त्या नजरेत शुक्रवार स्पष्ट दिसत होता.

"थांबा, थांबा!" चिंगीची आई ओरडली. "रडू नका! आपण काढून टाकू सगळी स्वप्नं. आत्ता काढू! धुऊन टाकू!"

धुवायचं म्हटल्यावर मुलं गप्प झाली. धुणं त्यांना माहीत होतं. चिंगीच्या आईने ड्रीमकॅचर उचलला आणि बाथरूमच्या बेसिनमध्ये नळाखाली धरला. मागे दारात चौदा डोकी एकावर एक रचल्यासारखी.

पाणी पडलं. दोऱ्यातून जांभळी धार लागली.

नुसती धार नव्हे, ओघळ! बेसिन जांभळं, आईचे हात कोपरापर्यंत जांभळे, आणि मधे ती भिजलेली पिसं मान टाकून पडलेली.

"रक्त!" ज्याच्या स्वप्नात बिनतोंडाचा माणूस येतो तो बिनतोंडवाला किंचाळला. "स्वप्नांचं रक्त!"

"वॉशिंग मशीनचं रक्त जांभळं असतं!" चिंगीने अधिकारवाणीने खुलासा केला.

चिंगीच्या आईने घाईघाईने बेसिनमध्ये साचलेलं ते पाणी मगाने संडासात ओतलं आणि फ्लश केलं. "गेली! बघा, गेली सगळी! आता काही नाही!"

जांभळं पाणी गरगरत गुडूप होताना चौदा मुलांनी पाहिलं. चिंगीची आई विजयी मुद्रेने वळली.

तेव्हा वेण्यांची मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे आता ती संडासात आहेत."

*

गुरुवारचं सविस्तर वर्णन न केलेलंच बरं. एवढंच सांगते, की पाळणाघरात दिवसभरात एकही मूल संडासात गेलं नाही. आणि मुलं जिथे जिथे गेली तिथे जायला नको होतं. ताईंच्या कपाटातले जादाचे कपडे अकराला संपले. बाराच्या सुमाराला त्यांनी पडद्यांकडे पाहायला सुरुवात केली.

पालकांचे फोन चिंगीच्या आईलाच आले.

"तुम्ही काल तिथल्या संडासात नक्की काय सोडलंत?"

"काही नाही हो. रंग होता."

"आमचा मुलगा म्हणतो, बिनतोंडाचा माणूस आहे."

"तो तर तुमच्याकडचाच आहे! आमच्याकडे फक्त वॉशिंग मशीन!"

असं बोलून गेल्यावर तिने कपाळावर हात मारला. शेवटचा फोन ताईंचा. आवाज थकलेला. "उद्या शुक्रवार. मी शब्द फिरवत नाही. उद्याची दुपार बघू. पण उद्यासुद्धा हे असंच..." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढचं सांगायची गरजच नव्हती.

चिंगीची आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. हात अजून जांभळे होते. ऑफिससाठी इस्त्री करून ठेवलेले दोन कुडते खुर्चीवर होते. त्यांची बटणं तिने रविवारपासून तीनदा तपासली होती.

"मॅडमना फोन करून टाकते," ती नवऱ्याला म्हणाली. "नाही जमत म्हणून सांगते. मला हे एक जाळं धड विणता येत नाही, नकाशे काय तपासणार मी?"

"अगं, काहीतरीच काय!"

"खरंच सांगते. रोज स्वप्न पडतं मला. मी ऑफिसात जाते, समोर नकाशा असतो आणि मला एकही रेघ वाचता येत नाही. सगळे माझ्याकडे बघत असतात."

नवरा तिच्या शेजारी ओट्याला टेकला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून एका अनोळखी बाईचा आवाज आला. गोड, सावकाश.

"...सातासमुद्रापलीकडच्या आदिवासी आया आपल्या तान्ह्या बाळांसाठी असं जाळं विणत आल्या आहेत. म्हणतात, रात्री वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात आणि सकाळचं पहिलं ऊन पडलं, की दवासारखी विरून जातात. म्हणून ड्रीमकॅचर नेहमी खिडकीत, उन्हात टांगावा..."

चिंगीची आई धावत बाहेर आली. सर तिचा फोन हातात धरून बसले होते, आवाज पूर्ण मोठा करून.

"हा तुझा व्हिडिओ. सातव्या गाठीचं काय ते बघावं म्हटलं," सर म्हणाले. "ही बाई तर सगळंच सांगतेय. तू हे ऐकलं नव्हतंस?"

"मी... बघितलं होतं."

"सहा वेळा!" सासूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. चिंगीची आई आधी रडवेली झाली, मग तीही हसली. हसता हसता तिला खरंच रडू आलं. सासूबाईंनी तिच्या जांभळ्या हातात पांढरा दोरा ठेवला.

"घे. हा रंग सोडत नाही. माझ्या आख्ख्या भरतकामात कधी सोडला नाही. आणि तू गाठी मारू नकोस, मी मारते. तुझ्या हाताला घाई फार."

सरांनी सोळा खुणा पुन्हा ठळक केल्या. नवऱ्याला रिंग धरायला बसवलं आणि थरथरतोस म्हणून दोनदा झापलं. शेवटी सर उठले आणि ती लांबट डबीच घेऊन आले.

"सर, नको! तुमचा अंतिम सामना!"

"घे गं. समोरच्या संघातला सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा आहे. तसेही आम्ही हरणारच. निदान शटल नव्हतं असं तरी सांगता येईल."

रात्री झोपायच्या आत जाळं तयार झालं. सोळाच्या सोळा गाठी खुणेवर! सरांनी कोनमापक लावला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

*

शुक्रवारी सकाळी नवा ड्रीमकॅचर पाळणाघराच्या पूर्वेच्या खिडकीत उन्हात लटकत होता. चिंगीच्या आईने मुलांना बसवून सगळं सांगितलं. ऊन पडलं की वाईट स्वप्नं विरून जातात. चांगली कुठे अडकतच नाहीत, सरळ येतात.

"बुलडोझर पण?"

"बुलडोझर तर जाळ्यातून आरपार!"

"आणि संडासातली?"

"संडासाला खिडकी आहे की! काल ऊन आलं, आज ऊन आलं. सगळी विरून गेली."

मुलं रांग लावून खिडकी बघून आली. पहिल्याने धीर केला, मग दुसऱ्याने, आणि दोन दिवसांचं साचलेलं काम अर्ध्या तासात मार्गी लागलं. ताईंनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

पण दीड वाजता गाद्या पसरल्या, आणि एकही मूल आडवं होईना.

"आधी कुणीतरी झोपून दाखवा," चिंगी म्हणाली. "खरं आहे का बघायला."

"बरोबर!" बिनतोंडवाला म्हणाला. "कुणाला वाईट स्वप्नं पडतात इथे?"

सगळी एकमेकांच्या मागे लपली. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. चिंगीच्या आईने घड्याळाकडे पाहिलं. आणि मग ती हळूच म्हणाली, "मला पडतात."

चौदा चेहरे तिच्याकडे वळले. "तुला?" चिंगी म्हणाली. "मोठ्यांना पण?"

"मोठ्यांना पण. माझ्या स्वप्नात एक कागद असतो, आणि तो मला वाचताच येत नाही."

वेण्यांच्या मुलीने विचार केला. "मला पण नाही येत वाचता," ती म्हणाली. "काही होत नाही."

मग तिने स्वतःची गादी खिडकीजवळ ओढली. बिनतोंडवाल्याने उशी दिली. चिंगीने आईला आपल्या लाडक्या पायमोज्यासकट चादरीत गुंडाळलं आणि म्हणाली, "झोप. मी बघते."

दोन मिनिटं पडून राहायचं, डोळे मिटायचे, उठून 'किती छान झोप लागली' म्हणायचं, असं चिंगीच्या आईने ठरवलं होतं. पण चार वर्षांत तिला 'झोप, मी बघते' असं कुणी म्हटलं नव्हतं हो! तिने डोळे मिटले ते मिटले.

उठली तेव्हा खोलीत तिरपं ऊन आलं होतं. घड्याळात साडेचार! गालावर उशीच्या शिवणीची रेघ. आजूबाजूला चौदा मुलं, कुणी वाकडं, कुणी तिकडं, सगळी गाढ. चिंगी तिच्या दंडावर डोकं ठेवून, तोंड उघडं टाकून.

ताई खुर्चीत बसून कोमट चहा पीत होत्या. "बारा वर्षांत पहिल्यांदा," त्या कुजबुजल्या, "इथे तीन तास कुणी रडलं नाही. आधी सगळी तुमच्याभोवती बसून पहारा देत होती. कुणी बोललं की बाकीची शूऽऽ करत होती. मग तुम्ही घोरायला लागलात."

"मी? घोरते?"

"जोरात! पण अगदी लयीत. एकेक करत सगळी आडवी झाली. चिंगी सगळ्यात शेवटी."

"म्हणजे ताई... सोमवारी...?"

"सोमवारी आणा तिला, खुशाल आणा! फक्त एक अडचण आहे." ताईंनी कप खाली ठेवला. "ही आता तुमच्या घोरण्याशिवाय झोपायची नाहीत. म्हणून मी थोडंसं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. तुमची हरकत नाही ना?"

हरकत? तिने ताईंचे हात धरले. आपल्या हातांचा जांभळा रंग लागणार नाही, एवढं तिने आधी बघून घेतलं.

सोमवारी चिंगीची आई ऑफिसात हजर झाली. मॅडमनी समोर नकाशा टाकला. तिने श्वास रोखून खाली पाहिलं. रेघा होत्या, जिन्यापाशी एक भिंत दोन इंच सरकलेली होती, आणि ती तिला डोळ्यात खुपली! इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

दुपारी एक पन्नासला ताईंचा निरोप आला. 'सगळी झोपली. चिंगी पहिली. पण रेकॉर्डिंग वीस मिनिटांतच संपतं आणि मुलं चुळबुळ करायला लागतात. लांबलचक एखादं पाठवता का? आत्ता?'

आता आत्ता म्हणजे आत्ता! चिंगीची आई फोन घेऊन कागद-फायली ठेवायच्या खोलीत शिरली, दार ओढून घेतलं, रेकॉर्डिंगचं बटण दाबून फोन तोंडाशी धरला आणि डोळे मिटून मनापासून घोरू लागली. लयीत. पंचवीस मिनिटं! संपत आलं तेव्हा दाराची कडी वाजली. दारात मॅडम उभ्या होत्या.

"मॅडम, मी... ते माझ्या मुलीला..."

मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"तुझं जे काय चाललंय ते चालू दे. पण जरा हळू. ही भिंत पातळ आहे, आणि पलीकडच्या मीटिंगमध्ये तीन जण झोपलेत. त्यातला एक गिऱ्हाईक आहे!"